पाठीचा पाठ

मराठी भाषेतील काही शब्द मोठे मायावी आहेत. 'पाठ' हा त्यांतलाच एक. 'तो पाठ' म्हटले की आम्हां शिक्षकांना धडा आठवतो, आणि 'ती पाठ' म्हटले की माणसाच्या देहाची मागली बाजू. लिंग पालटले की अर्थ पालटतो! आमच्या घरी कोकणी बोलतात आणि कोकणीत पाठीला 'फाट' म्हणतात. मी शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी "तुझा पाठ दाखव पाहू" असे फर्मावले, तसा मी निमूटपणे वळलो आणि सदरा वर केला. गुरुजी पोट धरून हसले. आमची आई ही हकीकत अजूनही आल्यागेल्याला सांगते.

पुढे भाषेचाच शिक्षक झाल्यावर या शब्दाचा संसार केवढा मोठा आहे हे ध्यानी आले. आपण कुणाच्या पाठीशी उभे राहतो, कुणाची पाठराखण करतो, कुणाची पाठ थोपटतो. आणि संकट आले म्हणजे काही जण पाठ फिरवतात. धाकट्या भावंडाला आपण पाठचे भावंड म्हणतो. हे सारे वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. परंतु ज्या पाठीवर भाषेने एवढा भार टाकला आहे, तिच्या आत काय आहे, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. तो करावयास मला भाग पाडले ते पुस्तकांच्या एका पेटीने.

गेल्या वर्षीचा जून महिना. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच ग्रंथालयाच्या छपरातून पाणी ठिबकू लागले. शिपाईदादा येईपर्यंत थांबण्याचा धीर मला नव्हता. पेटी जमिनीवरून उचलली, तशीच अंग पिळवटून टेबलाकडे वळवली, आणि कमरेत वीज चमकावी तशी एक कळ आली. ती तिथेच थांबली असती तर गोष्ट वेगळी. ती मांडीच्या मागून उतरली, पोटरीत शिरली आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन पोहोचली. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. रोगी गिधाडासारखा वाकडा चालतो म्हणून हे नाव, असे सांगतात. त्या दिवशी माझ्या वर्गातील मुलांनी आपल्या मराठीच्या शिक्षकांना गिधाडाच्या चालीने घरी जाताना पाहिले.

डॉक्टरांनी एम.आर.आय. काढावयास सांगितला. त्या काळ्या फिल्मवर माझा कणा एखाद्या शिडीसारखा दिसत होता. मणक्यामणक्यांमधल्या चकत्या पांढऱ्या चमकत होत्या. खालून दुसरी मात्र काळवंडलेली होती आणि मागच्या बाजूला तिचा एक फुगवटा बाहेर आला होता. "चकतीत पाणी असते म्हणून ती पांढरी दिसते," डॉक्टर म्हणाले, "हिच्यातले पाणी आटले आहे." मग त्यांनी धीर दिला. अंथरुणाला खिळून राहू नका, सोसेल तेवढे चालत राहा, व्यायाम शिकून घ्या. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. आणि खरोखरच दोन महिन्यांत मी पुन्हा फळ्यासमोर उभा राहिलो.

परंतु ती काळी चकती पाहिल्यापासून माझ्या मनात एक दुसरीच पाठ घर करून बसली होती. ती माझ्या वडिलांची.

माझे वडील खाजनाच्या बांधावर काम करीत. आमच्या गोव्यात जुवारी-मांडवीच्या काठी भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन पूर्वजांनी बांध घालून लागवडीला आणली. तिला खाजन म्हणतात. बांध म्हणजे काही दगडी तट नव्हे. नदीच्या तळचा चिकट चिखल, भाताचा पेंढा, खारफुटीच्या फांद्या आणि गरज पडेल तिथे चिरे, एवढ्यावर तो उभा असतो. एका बाजूला खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरगुटाचे भात. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नासते.

मी बारावीत होतो. आषाढातल्या एका रात्री भरती आणि पाऊस एकदम आले आणि बांधाला भगदाड पडले. सारा वाडा कंदील घेऊन धावला. ओल्या चिखलाने भरलेली टोपली किती जड असते हे ज्याने उचलली आहे त्यालाच ठाऊक. वडिलांनी रात्रभर टोपल्या वाहिल्या. पहाटे भगदाड बुजले आणि वडील तिथेच खाली बसले ते उठेनात. "म्हजी फाट गेली रे पुता," एवढेच ते म्हणाले. तेल झाले, शेक झाले, अखेर शस्त्रक्रियाही झाली. पायातली कळ गेली, पण कंबर पुन्हा पूर्वीची झाली नाही. टोपली कायमची सुटली. त्या वर्षी माझी पाठची बहीण दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. ती महाविद्यालयात जायची ती काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. मी पदवीधर झालो. शाळेच्या फलकावर माझ्या नावापुढे जी अक्षरे आहेत, ती कुणाच्या पाठीवर उभी आहेत, हे तुम्हांला आता कळेल.

हे सारे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बोलावे लागले ते नववीतल्या एका मुलीमुळे.

ही मुलगी हुशार. निबंधात नेहमी पुढे. पावसाळ्यानंतर ती आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर राहू लागली. विचारले तर उत्तर नाही. एके दिवशी मधल्या सुटीत ती आपण होऊन आली. तिची आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकते. दोन महिन्यांपासून तिची कंबर धरली होती, डावा पाय बधिर होत होता, आणि मासळीची टोपली आता मुलीच्या डोक्यावर आली होती. कुणा नातलगाने मोबाइलवर एक जाहिरात दाखविली: पाठीत एक जेल टोचायची आणि चकती नव्यासारखी. खर्च एवढा की आईच्या सोन्याच्या दोन्ही पाटल्या विकाव्या लागणार. आठ दिवसांत पैसे भरायचे होते.

"सर, तुमचीही चकती सरकली होती ना? अशी जेल खरेच असते का?"

मी कला शाखेचा पदवीधर. समासविग्रह विचारला असता तर क्षणात सांगितला असता. 'असते' म्हणालो तर पाटल्या जातील, 'नसते' म्हणालो आणि ती असली तर? "चार दिवस दे," मी म्हणालो, "शोधून सांगतो."

ते चार दिवस मी विद्यार्थी झालो. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना गाठले. शाळेची एक माजी विद्यार्थिनी आता अस्थिरोगतज्ज्ञ आहे, तिला दूरध्वनी केला. रात्री जागून वाचले. विद्यार्थिमित्रांनो, जे समजले ते तुम्हांलाही सांगतो, कारण या पाठीवाचून कुणाचेच चालत नाही.

आपल्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांतले २४ सुटे, बाकीचे खाली जुळून गेलेले. सुट्या मणक्यांच्या दरम्यान ज्या गाद्या असतात त्यांनाच चकत्या म्हणतात. त्या २३ आहेत, आणि कण्याच्या उंचीतला सुमारे चौथा हिस्सा त्यांचाच आहे. प्रत्येक चकतीत मधोमध शहाळ्याच्या मलईसारखा मऊ, पाणीदार गाभा असतो. तरुणपणी त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाणीच. त्याच्याभोवती चिवट तंतूंचे १५ ते २५ थर एकावर एक गुंडाळलेले असतात. एका थरातले तंतू एका दिशेने तिरपे तर पुढच्या थरातले उलट दिशेने, एखाद्या चटईच्या विणीसारखे. गाभा दाब सोसतो आणि हे कडे त्याला जागच्या जागी आवळून धरते. कडे फाटले की गाभा बाहेर डोकावतो आणि शेजारच्या मज्जातंतूला टोचतो. पायात चमकणारी वीज ती हीच.

दिवसभर आपल्या भाराखाली चकतीतले पाणी हळूहळू पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ती ते पुन्हा शोषून घेते. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. माझा यावर विश्वास बसेना. वर्गाला सांगितले, तर मुलांनी भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सारा वर्ग आपापल्या वाढलेल्या उंचीचा हिशेब घेऊन हजर! ज्याची उंची वर्गात सर्वांत कमी, त्याने तर आपले ओळखपत्र सकाळच्या मापाने नवे करून द्यावे अशी मागणी केली.

पण या चकतीचे एक मोठे दुर्दैव आहे. बालपणी तिच्यात थोड्या रक्तवाहिन्या असतात. वाढत्या वयात त्या मागे सरतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा भाग दुसरा नाही. तिला अन्न मिळते ते मणक्यांच्या टोकांतून झिरपून येईल तेवढेच. बोट कापले तर आठ दिवसांत भरते, कारण तिथे रक्त धावून येते. चकतीकडे धावून येणारे कुणी नाही. फाटलेले कडे धड सांधत नाही आणि आटलेला गाभा सहसा भरून येत नाही. माझे दुखणे गेले ते चकती नवी झाली म्हणून नव्हे. बाहेर आलेला तुकडा शरीरातल्या पेशींनी हळूहळू गिळून टाकला आणि मज्जातंतूवरची सूज ओसरली, म्हणून.

पायातली ही कळ चकतीमुळे येते, हेही माणसाला फार उशिरा उमगले. अमेरिकेतील बोस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली ते स्पष्ट मांडले आणि तेव्हापासून बाहेर आलेला तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. माझ्या वडिलांवर झाली ती हीच. ती चांगली शस्त्रक्रिया आहे. तिने लाखो लोकांची कळ थांबली आहे. पण ती भोक बुजवीत नाही. शंभरांतल्या पाच ते पंधरा जणांच्या चकतीतून त्याच वाटेने पुन्हा तुकडा बाहेर येतो.

मग माणसाने काय काय करून पाहिले! स्वीडनमधील उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी चकतीच्या जागी पोलादाची गुळगुळीत गोळी बसविली आणि १९६६ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. कल्पना धाडसी होती; परंतु पोलाद कठीण आणि मणक्याचे हाड त्यामानाने मऊ. काळ लोटला तशा अनेकांच्या गोळ्या हाडात रुतत गेल्या.

दुसरी गोष्ट पपईची. १९५६ साली लुइस थॉमस या वैद्यकाने सशांना पपईच्या चिकातले द्रव्य टोचले, तर त्यांचे ताठ उभे कान लोळागोळा होऊन खाली पडले, कारण कानातल्या कूर्चेचा सांगाडाच सैल झाला होता. त्यावरून लायमन स्मिथ यांनी पपईतल्याच द्रव्याने चकतीचा गाभा विरघळविता येईल असे ताडले आणि १९६४ साली माणसांवरच्या उपचाराचा वृत्तांत दिला. अनेकांना गुण आला. पण काहींना तीव्र ॲलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा पोहोचली. २००३ पर्यंत अमेरिकेतील त्याची विक्री बंद झाली. आमच्या परसातल्या पपईकडे त्यानंतर मी जरा आदराने आणि जरा भीतीनेच पाहू लागलो.

तिसरी गोष्ट खेळाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कारिन यांझ या पूर्व जर्मनीच्या मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. जिने आपला कणा धनुष्यासारखा वाकविला, ती पुढे अस्थिशल्यविशारद झाली आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कुर्ट शेलनाक यांच्यासह तिने कृत्रिम चकती घडविली: वर-खाली धातूच्या दोन तबकड्या आणि मध्ये सरकणारा प्लॅस्टिकचा गाभा. १९८४ साली ती पहिल्यांदा माणसाच्या पाठीत बसविली गेली. अशा चकत्या आजही निवडक रुग्णांना बसवितात. पण ही दुरुस्ती नव्हे. जुने दार काढून नवे दार बसविणे आहे ते.

आणि इथे मी त्या मुलीच्या जेलपाशी येऊन पोहोचलो. अलीकडच्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी विचाराची दिशा बदलली. कठीण वस्तू ठेवण्याऐवजी, गाभ्यासारखेच मऊ आणि पाणी धरून ठेवणारे पदार्थ भरता येतील का? शरीराला मानवणाऱ्या अशा पदार्थांना जैवसामग्री म्हणतात. समुद्रातील तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट मिळते. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घ्यायला वापरतात तेच. कोळंबीच्या सालीपासून कायटोसान मिळते. हायलुरॉनिक आम्ल आणि कोलॅजेन ही तर आपल्याच देहातली द्रव्ये. हे मी वर्गात सांगितले तेव्हा ती मुलगी कितीतरी दिवसांनी प्रथमच बोलली. "सर, सुंगटांची सालां? आमी ती उडयतात!" सारा वर्ग हसला, आणि तीही.

जपानमधील होक्काइडो विद्यापीठात अल्जिनेट अतिशय शुद्ध करून त्याचा जेल तयार केला. शस्त्रक्रियेनंतर चकतीत राहिलेल्या पोकळीत तो ओतायचा आणि कॅल्शियमच्या द्रावणाने घट्ट करायचा. ससे आणि मेंढ्या यांच्यावरील त्यांचे प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि नंतर माणसांवरही चाचण्या सुरू झाल्या. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली मेंढ्यांवर याहून एक पाऊल पुढचा प्रयोग मांडला. त्यांनी गाभ्याच्या जागी हायलुरॉनिक आम्लाचा जेल भरला आणि कड्याच्या भोकावर कोलॅजेनचे ठिगळ लावले. ते कोलॅजेन रायबोफ्लेविन, म्हणजे आपले ब-२ जीवनसत्त्व, आणि प्रकाश यांच्या साहाय्याने जागीच घट्ट केले. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा त्या चकत्यांची उंची आणि पाणी यांची राखण, नुसत्या कापून सोडलेल्या चकत्यांपेक्षा, चांगली झाली होती.

वाचता वाचता मी उठून बसलो. आत भरायचे आणि बाहेरून बुजवायचे, हे तर आमच्या बांधाचेच काम! मला वडिलांचे एक जुने वाक्य आठवले. एकदा बांधाच्या भगदाडात कुणीतरी सिमेंटचा ठोकळा ओतला होता. ठोकळा जसाच्या तसा राहिला. पण दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या आणि चिखलाच्या सांध्यातून पाणी वाट काढू लागले आणि शेजारचा बांध पोखरून गेला. तेव्हा वडील म्हणाले होते, "मातीला मातीच धरते." पोलादाची गोळी हाडात का रुतली, याचे उत्तर त्या एका वाक्यात होते. दुरुस्तीचा पदार्थ नुसता बळकट असून भागत नाही. तो ज्याला जोडायचा त्याच्या जातीचा असावा लागतो.

तथापि वाचन एवढ्यावर सोडून मुलीला 'हो' म्हणणे सोपे होते, आणि चुकीचेही. पुढचे सारे वाक्य-वाक्य तपासले. आल्फ नाकेमसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. पुढे वाकून ओझे उचलताना तो उभे राहण्याच्या मानाने कितीतरी वाढतो. जेल फार मऊ झाला तर या दाबाने फटीतून बाहेर येतो, फार कठीण झाला तर हाडाला बाधतो. गेल्या शतकाच्या अखेरीस जेलच्या छोट्या उशा चकतीत ठेवून पाहिल्या, तर काहींच्या जागेवरून घसरल्या. आतल्या मोजक्या पेशींना प्राणवायू कमी, अन्न कमी. मेंढीचे सहा आठवडे म्हणजे माणसाची तीस वर्षे नव्हेत. मोठे भोक राहिले असेल तर हाडात रोवून बसविण्याच्या एका विणलेल्या जाळीला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ती जाळी अडवते, सांधत नाही. फाटलेली चकती पुन्हा जिवंत आणि पाणीदार करील असा जेल बाजारात सर्वांसाठी मिळतो आहे, असे मला कुठेही आढळले नाही. जे आहे ते प्रयोगशाळेत आणि चाचण्यांत.

पाचव्या दिवशी मी आमच्या त्या डॉक्टर विद्यार्थिनीला घेऊन मुलीच्या घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. पाटल्या हातात होत्या, पण काढून ठेवण्याच्या तयारीने सैल केलेल्या. "मास्तर, म्हजी फाट बरी जातली मू?" तिने विचारले. हाच प्रश्न माझ्या वडिलांच्या डोळ्यांत मी वर्षानुवर्षे पाहिला होता, आणि त्यांनी तो कधी विचारला नव्हता.

मी तिला सांगितले, की जेल खोटी नाही. मोठमोठे विद्वान तिच्यामागे आहेत आणि कदाचित तुमच्या मुलीच्या पिढीला ती मिळेल. पण ज्या उपचाराची अजून परीक्षा चालू आहे, तो पाटल्या देऊन विकत घेण्याची वस्तू नव्हे. डॉक्टरबाईंनी पाय तपासला, अंगठ्यातले बळ पाहिले, लघवीवरचा ताबा सुटला आहे का ते विचारले. तसे झाले किंवा पाय लुळा पडू लागला, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी मुलीकडून दोनदा वदवून घेतले. बाकी औषधे, चालणे, व्यायाम आणि डोक्यावरची टोपली बंद. टोपली बंद म्हटल्यावर आई जितकी घाबरली, तितकी दुखण्यानेही घाबरली नसेल. शेवटी वाड्यावरच्या लोकांनी बाजाराच्या कोपऱ्यावर तिला बसायला एक जागा मिळवून दिली.

तीन महिने लागले. आजही तिची कंबर पावसात कुरकुरते. ती नवी झालेली नाही. पण ती चालते, मासळी विकते, आणि पाटल्या हातात आहेत. मुलगी आता दहावीत आहे. गेल्या सत्रात तिचा एकही दिवस चुकलेला नाही. हजेरीपटावर तिच्या नावासमोरची ती सलग ओळ मी कधी कधी उगाचच वाचतो.

ही सारी कथा मी एका संध्याकाळी वडिलांना बांधावर सांगितली. आता ते तिथे कामाला नव्हे, हिंडायला जातात. मेंढीची गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली. मग विचारले, "ते भरलेले जेल आत तसेच राहते काय रे जन्मभर?"

मी म्हणालो, "नाही. शास्त्रज्ञांचा विचार असा आहे, की त्याने शरीराला थोडा वेळ मिळवून द्यावा. तोवर आतल्या पेशींनी आपले तंतू विणावेत, आणि ते हळूहळू विरून जावे."

वडील हसले. वाकून, म्हणजे त्यांना जेवढे वाकता येते तेवढे वाकून, त्यांनी काठीने बांधाचा पायथा दाखविला. त्या आषाढातल्या रात्री जिथे भगदाड बुजविले होते, तीच ती जागा. "त्या वेळी घातलेला पेंढा केव्हाच कुजला," ते म्हणाले, "फांद्याही कुजल्या. पण तोपर्यंत ह्यांनी धरले." काठीच्या टोकाशी खारफुटीची मुळे चिखलात घट्ट रुतलेली होती. भरतीचे पाणी त्यांच्यापर्यंत येत होते आणि परत जात होते.

मग ते वळले आणि पुढे चालू लागले, किंचित डावीकडे झुकलेले, सावकाश. मी मागून चाललो. त्यांची ती वाकलेली पाठ माझ्यासमोर होती. लहानपणी गुरुजींनी "तुझा पाठ दाखव" म्हटले तेव्हा मी चुकलो, असे सारे हसले होते. त्या संध्याकाळी मला वाटले, तेव्हा माझे अगदीच काही चुकले नव्हते.